आपला कोण आणि परका कोण?

पायात काटा रुतावा, तो निघता निघू नये, दोन दिवसांनी पाऊल ठसठसू लागावे आणि तिसऱ्या दिवशी जांघेत सुपारीएवढी गाठ हाताला लागावी, हा अनुभव खेड्यात वाढलेल्या माणसाला नवा नाही. घरातली वडीलधारी बाई ती गाठ पाहून शांतपणे म्हणते, "अवधाण आलंय. आधी पायाला काय लागलंय ते बघ." तिने शरीरशास्त्राचे पुस्तक उघडलेले नसते. पण दुखणे पायाला आणि गाठ जांघेत, बोटाला नखुरडे आणि गाठ काखेत, या दोहोंचा काहीतरी संबंध आहे एवढे तिला पक्के ठाऊक असते. शास्त्रज्ञांना तो संबंध नीट उलगडायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

मी तालुक्याच्या गावी गेली पस्तीस वर्षे दवाखाना चालवतो. एवढ्या काळात असल्या किती गाठी या बोटांनी चाचपल्या असतील याची गणती नाही. पण २०२० सालच्या करोनाच्या साथीपासून एक नवीच मागणी माझ्या कानांवर पडू लागली आहे. ताप नाही, खोकला नाही, तरी धडधाकट माणूस खुर्चीवर बसतो आणि म्हणतो, "डॉक्टर, प्रतिकारशक्ती वाढवायचं काहीतरी लिहून द्या." जणू प्रतिकारशक्ती म्हणजे तालमीत कमावायची दंडाची बेटकुळी, किंवा कणगीत भरून ठेवायचे धान्य! त्याला दोन मिनिटांत समजावणे माझ्याने होत नाही. बाहेर बाकावर पंधरा माणसे खोळंबलेली असतात. तेव्हा दवाखान्यात जे सांगता येत नाही, ते दिवाळीच्या सवडीत इथे सांगून टाकतो.

सांगायचे आहे ते एवढेच की, या शक्तीचे मर्म जोरात नाही, ओळखीत आहे. आपला कोण आणि परका कोण, हे ओळखणे आणि एकदा ओळखलेले विसरू न देणे, यासाठी निसर्गाने आपल्या शरीरात केवढा खटाटोप मांडून ठेवला आहे, ते पाहा.

तारामासा आणि काटा

१८८२ सालची गोष्ट. इल्या मेच्निकॉव्ह नावाचा रशियन प्राणिशास्त्रज्ञ इटलीजवळच्या सिसिली बेटावर, मेसिना गावी राहिला होता. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतली माकडे पाहायला गेली आणि हे गृहस्थ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून घरीच बसले. पुढ्यात होती तारामाशाची पिल्ले, काचेसारखी आरपार दिसणारी. त्यांच्या शरीरात काही पेशी इकडून तिकडे हिंडत होत्या. मेच्निकॉव्हच्या मनात आले, या हिंडणाऱ्या पेशी पहारेकरी तर नसतील? त्याने बागेतून काटे आणले, पिल्लांच्या अंगात टोचले आणि ती रात्र त्याने तळमळत काढली. पहाटे पाहतो तो काट्याभोवती त्या पेशींचा गराडा पडलेला!

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत अशाच भक्षक पेशी असतात. रक्ताच्या एका घन मिलिमीटर थेंबुकल्यात तांबड्या पेशी असतात सुमारे पन्नास लाख आणि पांढऱ्या असतात अवघ्या चार ते अकरा हजार. त्या जन्माला येतात हाडांच्या पोकळीत, अस्थिमज्जेत. त्यांतली सर्वांत मोठी फौज एवढी अल्पायुषी की, मज्जेला रोज सुमारे शंभर अब्ज नव्या पेशी तयार कराव्या लागतात. गळवातून येणारा पू पाहून आपण नाक मुरडतो. पण तो बहुतांशी या शिपायांच्या प्रेतांचा खच असतो.

जांघेतली चौकी

हे शिपाई मात्र साधे. दिसला परका की गिळ, एवढेच त्यांना ठाऊक. जंतू विषमज्वराचा की घटसर्पाचा, हा भेद त्यांच्या गावी नसतो. तो भेद करणारी मंडळी निराळी. त्यांना लसिका पेशी म्हणतात आणि त्यांच्या चौक्या म्हणजेच आपल्या गाठी. मान, काखा, जांघा, छाती आणि पोट मिळून या चौक्या काही शेकड्यांनी आहेत. घशातले टॉन्सिल आणि आतड्याच्या भिंतीतले पुंजके ही त्यांचीच भावंडे.

आता काटा रुतला की काय होते ते पाहा. कातडीखाली फांद्याफांद्यांच्या आकाराच्या काही पेशी दबा धरून असतात. त्या जंतूचे तुकडे करतात, एखादा तुकडा अंगावर मिरवत लसिकेच्या बारीक वाहिन्यांतून जांघेतल्या गाठीत येऊन पोचतात आणि तिथल्या लसिका पेशींना दाखवीत सुटतात, "याला कोणी ओळखतो का?" लाखोंपैकी एखादीलाच ती खूण पटते. मग ती पेशी दुभंगते, दोहोंच्या चार, चारांच्या आठ होतात आणि चार-पाच दिवसांत तिच्या हजारो जुळ्या बहिणी तयार होतात. ही गर्दी म्हणजेच तुमचे अवधाण. दुखते खरे; पण ते चौकीवरच्या धावपळीचे दुखणे आहे.

ही फांद्यांची पेशी राल्फ स्टाइनमन यांनी न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली दाखवून दिली. पुढे त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला, तेव्हा आपल्याच शोधावर आधारलेले उपचार त्यांनी स्वतःवर करून घेतले. २०११ साली त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. पण तीनच दिवस आधी त्यांनी डोळे मिटले होते आणि पारितोषिक देणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता!

चौकी पडली तर काय होते, हे मुंबईने आणि पुण्याने पाहिलेले आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. आपल्या लोकांनी त्याला नाव दिले ग्रंथिक सन्निपात, म्हणजे गाठीचा ताप. हे नाव किती नेमके आहे पाहा! पिसू बहुधा पायाला चावते, प्लेगचे जंतू जांघेच्या गाठीकडे निघतात, आणि वाटेत भक्षक पेशी त्यांना गिळतात खऱ्या, पण मारू शकत नाहीत. किल्लेदारानेच शत्रूला पालखीत घालून किल्ल्यात आणावे, तसा हा प्रकार. आत शिरलेले जंतू गाठीतच वाढतात आणि चौकी शत्रूची छावणी होते. याच साथीत रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

मेच्निकॉव्हच्या हाताखाली शिकलेला वॉल्डेमार हाफकिन तेव्हा मुंबईत आला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका लहानशा जागेत त्याने प्लेगचे जंतू वाढवले, उष्णतेने मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांची लस पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. मेलेला जंतू रोग देत नाही, पण त्याची ओळख पटवून देतो. दरोडेखोर गावात शिरण्याआधीच त्याची तसबीर चौकीत टांगावी, असे हे काम. परळची हाफकिन संस्था आज त्याचेच नाव चालवते आहे.

निरुपयोगी म्हणून हिणवलेली शाळा

पण या ओळखणाऱ्या पेशी शिकतात कुठे? याचे उत्तर छातीच्या हाडामागे, हृदयाच्या वर दडलेले होते. तिथे थायमस नावाची एक मऊ ग्रंथी असते. लहानपणी ती चांगली भरलेली असते, वयात आल्यावर झडत जाते आणि म्हातारपणी तिथे बरीचशी चरबीच उरते. तेव्हा हा अवयव निरुपयोगी असे ठरवणारे विद्वान काही कमी नव्हते.

निरुपयोगी म्हटले असते तरी चालले असते. पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिला अपराधी ठरवण्यात आले. तान्ही मुले अचानक दगावत, तेव्हा वाढलेल्या थायमसने श्वासनळी दाबली असा निष्कर्ष निघे. वास्तविक ती वाढलेली नसेच. शरीरविच्छेदनाला प्रेते मिळत ती बहुतांशी गरिबांची, झिजून झिजून मेलेल्यांची. दीर्घ दुखण्यात थायमस आटते. ती आटलेली ग्रंथी प्रमाण मानली, मग धडधाकट बाळाची ग्रंथी मोठी वाटणारच! अमेरिकेत अनेक तान्ह्या मुलांच्या छातीवर क्ष-किरण सोडून ही ग्रंथी मुद्दाम आटवण्यात आली. पुढे त्यांच्यात गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग अधिक दिसू लागला.

१९६१ साली लंडनमध्ये जॅक मिलर या तरुण संशोधकाने नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून टाकली. पिल्ले काही आठवडे ठीक होती. मग ती खंगू लागली आणि साध्यासुध्या जंतूंनी मरू लागली. आणखी एक नवल दिसले. दुसऱ्या जातीच्या उंदराचे कातडे त्यांच्या अंगावर लावले, तर ते खुशाल चिकटून राहिले. आपपर ओळखणारे कोणी उरलेच नव्हते.

दुसरी निम्मी गोष्ट सापडली ती कोंबडीत. कोंबडीच्या पिल्लाच्या शेपटाशी एक पिशवी असते. फॅब्रिशियस या इटालियन पंडिताच्या नावाने ती ओळखली जाते. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक याने काही कोंबड्यांची ही पिशवी काढली होती. टिमोथी चँग या सहकाऱ्याला वर्गात जंतुविरोधी द्रव्य कसे तयार होते ते दाखवायचे होते, म्हणून त्याने त्याच कोंबड्या मागून नेल्या. टोचले, रक्त तपासले, तर त्या द्रव्याचा पत्ताच नाही! हा शोध एका बड्या शास्त्रीय नियतकालिकाने साभार परत केला आणि १९५६ साली तो कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात छापून आला. त्यामुळे कित्येक वर्षे तिकडे कोणाचे लक्षही गेले नाही.

आज सगळे जग थायमसमध्ये शिकलेल्या पेशींना 'टी' आणि त्या पिशवीवरून दुसऱ्यांना 'बी' म्हणते. माणसाला ती पिशवी नाही. आपल्या बी पेशी मज्जेतच तयार होतात. बी पेशी प्रतिपिंडे नावाची द्रव्ये सोडतात. ती जंतूला नेमकी चिकटतात. टी पेशींतल्या काही रोगट पेशींना ठार करतात, तर काही मदतनीस होऊन बाकीच्यांना हुकूम सोडतात. या मदतनीसांचे महत्त्व जगाला फार महाग पडून कळले. १९८१ साली उजेडात आलेल्या एड्सचा विषाणू नेमका त्यांनाच मारतो, आणि मग बाकीची सारी फौज शाबूत असून सेनापतीवाचून उभी राहते.

थायमसच्या शाळेचा निकाल ऐकाल तर तुमची मॅट्रिकची भीती पळून जाईल. तिथे दोन परीक्षा असतात. आपल्या शरीराचे ओळखपत्र वाचता येते का, ही पहिली. आपल्याच पेशींवर तुटून तर पडत नाहीस ना, ही दुसरी. शंभरांतल्या पाच पेशीही पार पडत नाहीत. नापासांना पुन्हा बसण्याची सोय नाही. त्या तिथेच मरतात. निसर्ग एवढा निष्ठुर का, ते आता पाहू.

घरचे सैन्य घरावर

मिलरने थायमस काढली ती जन्मताच. जपानी संशोधकांनी १९६९ साली तीच शस्त्रक्रिया उंदरांवर जन्मानंतर तिसऱ्या दिवशी केली. फरक केवढा, तर तीन दिवसांचा. पण या वेळी काही निराळेच घडले. सैन्य होते, मात्र ते स्वतःच्याच अवयवांवर चालून गेले. शिमोन साकागुची यांनी या कोड्याचा अनेक वर्षे पिच्छा पुरवला. निरोगी उंदरांच्या टी पेशी या उंदरांना दिल्या तर रोग टळतो, असे त्यांना दिसले. म्हणजे टी पेशींत हल्ला करणारे आहेत, तसे हल्ला आवरणारेही असले पाहिजेत. १९९५ साली त्यांनी त्या आवरणाऱ्या पेशी वेगळ्या ओळखून दाखवल्या आणि २०२५ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना मेरी ब्रन्को व फ्रेड रॅम्सडेल यांच्याबरोबर मिळाले.

आमवाताने बोटे वाकडी झालेली बाई माझ्याकडे येते. तिच्या शरीरात प्रतिकाराचा तुटवडा नाही. तिचेच सैन्य तिच्या सांध्यांना परके समजते आहे. लहान मुलाला मधुमेह होतो तेव्हा बहुधा त्याच्याच टी पेशींनी इन्शुलिन करणाऱ्या पेशी संपवलेल्या असतात. परागाने येणाऱ्या शिंका, शेंगदाण्याने अंगावर उठणारे चट्टे, ही निरुपद्रवी पाहुण्याला दरोडेखोर समजल्याची लक्षणे. अशा रोग्याला आम्ही औषध देतो ते प्रतिकार वाढवण्याचे नव्हे, तर आवरण्याचे! १९५४ साली बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी मूत्रपिंडाचे यशस्वी रोपण केले ते जुळ्या भावाचे. दोघांची ओळखपत्रे एकसारखी असल्यामुळेच ते टिकले. आज परक्याचे मूत्रपिंड घेणाऱ्याला सैन्याला गुंगी देणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात, त्याही बहुधा जन्मभर.

आता सांगा, 'वाढवायचं काहीतरी' मी कोणाला लिहून देऊ?

पाणथरी

डाव्या बरगड्यांखाली सुमारे दीडशे ग्रॅम वजनाची पाणथरी असते. हिवतापात ती वाढते हे आपल्याकडे फार पूर्वीपासून माहीत आहे. गाठी लसिका गाळतात, पाणथरी रक्त गाळते. एकशेवीस दिवसांचे आयुष्य संपत आलेल्या तांबड्या पेशी ती निवडून काढते आणि रक्तात शिरलेल्या जंतूंना पकडते. तिच्यावाचून माणूस जगतो, म्हणून तिच्याकडेही कोणी फारसे पाहत नसे. १९५२ साली दोन अमेरिकन शस्त्रवैद्यांनी पाणथरी काढलेल्या पाच बालकांची हकीकत छापली, तेव्हा कुठे डोळे उघडले. त्या सर्वांना पुढे भयंकर जंतुबाधा झाली होती.

माझ्याकडे एका संध्याकाळी विशीतला एक मुलगा थंडीतापाने कुडकुडत आला. सकाळपर्यंत तो शेतात काम करीत होता. पोट तपासताना डाव्या बाजूला शस्त्रक्रियेचा व्रण दिसला. दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडून त्याची पाणथरी फाटली होती आणि शहरातल्या एका इस्पितळात ती काढून त्याचा जीव वाचवला होता. शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. पण त्याच्या कागदांवर पुढच्या काळजीची एक ओळही नव्हती. पाणथरी नसलेल्या माणसाने न्यूमोनियाच्या आणि मेंदूज्वराच्या जंतूंविरुद्धच्या लसी घ्यायच्या असतात, हिवतापापासून जपायचे असते आणि ताप आला तर तासाभराचाही उशीर करायचा नसतो, हे त्याला कोणीच सांगितले नव्हते. मी प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले आणि शेजाऱ्याच्या जीपमध्ये घालून त्याला जिल्ह्याच्या गावी पाठवले. रक्तात न्यूमोनियाचेच जंतू निघाले. पोरगा वाचला, पण सकाळी दाखवू म्हणून घरी झोपला असता, तर वाचला नसता.

वाचकहो, तुमच्या घरात, नात्यात, आळीत कोणाची पाणथरी काढलेली असेल, तर एवढा परिच्छेद त्याला वाचून दाखवा.

पासष्ट वर्षांची आठवण

आता उरली आठवण. स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात फेरो नावाची बेटे आहेत. १८४६ साली तिथे गोवर आला आणि सुमारे सात हजार आठशे वस्तीतले सहा हजार लोक आजारी पडले. पानुम हा तरुण डॅनिश डॉक्टर चौकशीला गेला. गोवर त्या बेटांवर त्याआधी आला होता १७८१ साली. त्या साथीत लहानपणी गोवर निघालेली काही म्हातारी माणसे अजून हयात होती. भोवती घरोघर अंथरुणे पडली असताना त्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही गोवर झाला नाही! पासष्ट वर्षे एकदाही न भेटलेला शत्रू त्यांच्या पेशींनी ओळखला होता.

या आठवणीच्या बळावरच आपण देवीला जगातून घालवले. भारतातला देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली आढळला आणि १९८० साली जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. पण ही आठवण पुसलीही जाते. गोवराचा विषाणू स्मरण ठेवणाऱ्या पेशींनाच मारतो. लस न टोचलेल्या मुलांचे रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासले, तेव्हा इतर रोगांविरुद्धची बरीच प्रतिपिंडे नाहीशी झालेली आढळली, असे २०१९ साली प्रसिद्ध झाले. गोवर निघून गेला, अंगावर डाग राहिले नाहीत, म्हणून आई निर्धास्त होते. आणि मूल मात्र पूर्वी शिकलेले विसरून नव्याने दुखणी काढीत बसते. गोवराची लस म्हणूनच केवळ गोवराची नव्हे.

मग करायचे काय? पोटभर चौरस जेवण, पुरती झोप आणि तंबाखूला रजा, यांनी सैन्याची उपासमार टळते. डब्यातल्या भुकटीने त्यापलीकडे काही साधते, असे मला पस्तीस वर्षांत दिसले नाही. जखमेबरोबर आलेली दुखरी गाठ जखमेबरोबर जाते. ती चोळू नये, जखमेकडे पाहावे. पण न दुखणारी, कठीण होत जाणारी, तीन आठवडे झाले तरी न जिरणारी गाठ असेल, किंवा मानेवर गाठींची माळ दिसू लागली असेल, तर ती दाखवून घ्यावी. गंडमाळ म्हणून ज्याला आपण पूर्वी हात टेकत असू, तो बहुतेक वेळा गाठींचा क्षयच असतो आणि आज तो औषधांनी बरा होतो.

शेवटी एक काम. दिवाळीच्या साफसफाईत रेशनकार्डाच्या पिशवीत किंवा ट्रंकेच्या तळाशी मुलांच्या लसीकरणाची कार्डे सापडतील. ती केरात टाकू नका. कोणता रकाना रिकामा राहिला आहे ते पाहा, आणि भाऊबीज झाली की मुलाला घेऊन सरकारी दवाखान्यात जा. तिथे ती लस फुकट मिळते.